अडीच तास

चंद्रपूरच्या त्या भाड्याच्या ऑफिसात नीलिमा गुरनुलेचं टेबल सगळ्यात नीटनेटकं असायचं आणि तिच्या कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त पसारा असायचा. टेबलावर पेन पेनाच्या जागी, पाण्याची बाटली कोपऱ्यात, धुळीचा कण नाही. कॉम्प्युटरवर मात्र 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरं फायनल', 'हेच घ्यायचं' अशा नावांच्या फाइली एकावर एक साचलेल्या. कुणी हसलं की ती म्हणायची, "मले सापडते ना, मंग झालं." आणि तिला खरंच सापडायचं.

ती भद्रावतीची. वडिलांचं गावाबाहेर वांगी-टमाटरचं लहानसं वावर, आई तीच भाजी आयुध निर्माणीच्या कॉलनीत दारोदार विकायची. नीलिमा रोज एसटीनं चंद्रपूरला येऊन प्राणिशास्त्र शिकली आणि घरातली पहिली एम. एस्सी. झाली. भावकीत कुणाला या शिक्षणाचा उपयोग समजला नाही. नोकरी लागली तेव्हा आईनं कॉलनीत सांगितलं, "पोरगी वाघाचे फोटो काढते." ते तसं चूकही नव्हतं. जंगलाला लागून असलेल्या गावांसाठी काम करणारी ती एक लहान संस्था होती. नीलिमा झाडांना कॅमेरे बांधायची. समोरून जनावर गेलं की हे कॅमेरे आपोआप फोटो काढतात आणि फोटोच्या खालच्या पट्टीवर तारीख-वेळ छापतात. ते फोटो आणायचे, कोणतं जनावर कधी कुठून गेलं ते कॉम्प्युटरवर भरायचं आणि त्यातून अर्थ काढायचा, हे सगळं तिच्याकडे होतं. तिला ते आवडायचं. तिच्या हातात होतं म्हणून आणखी आवडायचं.

करंजबोडी हे गाव तिच्या वाट्याला आलं ते तिथल्या बायांमुळे. सिंदेवाहीच्या बाजूला धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथे हे गाव. गावाच्या उत्तरेला नाला, नाल्यापलीकडे मोहाची झाडं. मार्च लागला की मोहफुलं पडायला लागतात आणि बाया अंधारातच टॉर्च घेऊन निघतात. उशीर केला तर फुलं हरणं खातात, नाहीतर उन्हानं सुकतात. सूर्य वर येईस्तोवर टोपल्या भरून सगळ्या घरी. आईनं आणि आजीनं असंच केलेलं. पण शेजारच्या गावात एका माणसाला वाघानं मारलं, आणि त्यानंतर करंजबोडीच्या बाया मोहाला जायला घाबरायला लागल्या. त्यांनी संस्थेला निरोप पाठवला. वाघ कवा येते ते तरी सांगा.

म्हणून नाल्याच्या काठानं कॅमेरे लागले. सगळे नवे कोरे, नुकतेच खोक्यातून काढलेले. नीलिमासोबत तेव्हा संघपाल होता, तिच्याहून चार वर्षांनी लहान, कामाला चोख. मोहाचा मोसम अर्धा सरला तेव्हा तो कॅमेऱ्यांतली मेमरी कार्डं काढून आणायला एकटाच गेला. परतताना त्यानं सिंदेवाहीच्या बसस्टँडवरून फोन केला.

"ताई, त्या नव्या कॅमेऱ्यांचं घड्याळ अडीच तास पुढे आहे. जिथं बनले तिथलाच टाइम दिसून राह्यला त्यात. आता सरळ केला मी, पण आधीचे सगळे फोटो पुढच्या टाइमाचे आहेत. ध्यानात ठेवजा."

"हो, ठेवते," नीलिमा म्हणाली. तेव्हा ती दुसऱ्या गावाच्या मीटिंगसाठी खुर्च्या लावत होती. कुठे लिहून ठेवायला हात मोकळा नव्हता, आणि लिहिण्याची गरजही वाटली नाही. तिच्या लक्षात राहायचं सगळं.

राहिलंही. पावसाळ्यात अहवाल लिहायला बसली तेव्हा संघपाल नोकरी बदलून गोंदियाला गेला होता. तिनं त्या कॅमेऱ्यांचा तक्ता उघडला, फोन आठवला, आणि सगळ्या वेळांमधून अडीच तास वजा केले. फाइल त्याच नावानं सेव्ह केली. मग हार्डडिस्क भरल्याचा मेसेज यायला लागला. नवी डिस्क मागवली होती, पण येता येत नव्हती. कार्डांमधले हजारो फोटो पडून होते, त्यातले बहुतेक रिकाम्या रानाचे, हलणाऱ्या गवताचे, गुरांचे. तिनं वाघाचे तेवढे ठेवले. तेही कापून, फक्त पट्टे दिसतील एवढे, कारण पट्ट्यांवरून कोणता वाघ ते ओळखता येतं. बाकी सगळं पुसलं. वेळ तक्त्यात होतीच, मग खालची पट्टी कशाला हवी, असं तिला वाटलं.

अहवालात स्पष्ट चित्र आलं. नाल्याकाठचा वाघ पहाटे साडेचारच्या सुमारास फिरतो आणि त्यानंतर नाल्यावर त्याची हालचाल जवळजवळ नसते. म्हणजे बाया नेमक्या वाघाच्या वेळेला जंगलात जात होत्या. नीलिमा ते पाहून घाबरली, आणि खरं सांगायचं तर तिला अभिमानही वाटला. आपण काहीतरी शोधून काढलं होतं, आणि ते कुणाच्या तरी उपयोगाचं होतं.

दुसऱ्या वर्षी मोहाच्या आधी समाजमंदिरात बैठक झाली. नीलिमानं पडद्यावर आकडे दाखवले. पुढच्या ओळीत रुखमाबाई बसली होती, पन्नाशीची, काटक, बोलायला पुढे. तिनं विचारलं, "मंग आमी कवा जावाचं?"

"साडेसहाच्या नंतर. उजाडल्यावर."

"फुलं थोडी हरनं खातीन."

"खातीन. पन तुमी सुखरूप राहाल."

"पक्कं ना पोरी?"

"पक्कं. फोटो हायेत आपल्यापाशी," नीलिमा म्हणाली. तेव्हा मूळ फोटो नव्हते. पण ती खोटं बोलली नव्हती. आपण ते पुसलेत याचा त्या क्षणी तिला विसर पडला होता, एवढंच.

नाल्याच्या वाटेवर संस्थेनं मोठा बोर्ड लावला. त्यावर वाघाचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत, मोह वेचायला सकाळी साडेसहानंतरच जा.

त्या बैठकीच्या आधी, जानेवारीत, एक फोन आला होता. दामिनी नावाची मुलगी. ती गडचिरोली जिल्ह्यात वडशाकडच्या जंगलात वाघ आणि माणसं याच विषयावर पीएच. डी. करत होती. आवाज नम्र होता.

"मॅडम, तुमचा अहवाल वाचला. फार चांगला आहे. पण आमच्याकडे मोहाच्या दिवसांत वाघ नाल्यावर उजाडल्यावर दिसतो, सात-साडेसातला. जंगल सारखंच, मोसम तोच. एवढा फरक का येतो ते कळत नाही. तुमचे मूळ फोटो आणि तक्ते मिळाले तर मी तुमचंच गणित पहिल्यापासून करून पाहीन."

नीलिमाच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. एक, ही कोण माझं काम तपासणारी. दुसरी, जी तिनं स्वतःलाही नीट सांगितली नाही, की द्यायला काही नाही. फोटो नाहीत. तक्ते आहेत, पण त्यातला पहिला कोणता आणि शेवटचा कोणता, कोणत्यात काय बदललं, हे तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं. तो पसारा परक्या माणसासमोर उघडायची तिला लाज वाटली.

"लावून राह्यले मी सगळं," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात पाठवते."

पुढच्या महिन्यात दामिनीचा मेल आला. नीलिमानं तो वाचला आणि नंतर उत्तर देऊ म्हणून ठेवून दिला. मग फोन आला. तिनं तो वाजू दिला. मोबाइल टेबलावर थरथरत होता आणि ती त्याच्याकडे बघत बसली होती. शेजारच्या टेबलावरच्या दिनेशनं विचारलंसुद्धा, "उचलत काऊन नाई?" ती म्हणाली, "कंपनीचा आहे."

मार्चच्या शेवटी एका सकाळी करंजबोडीतून फोन आला तेव्हा ती ऑफिसचं कुलूप उघडत होती. रुखमाबाईला वाघानं धरलं.

चार जणी मिळून गेल्या होत्या. उन्हं झाडांच्या शेंड्यांवर आली होती. रुखमाबाई नाल्याकडच्या झाडाखाली वाकलेली, आणि वाघ काठावरून वर आला. सोबतच्या बायांनी आरडाओरडा केला, टोपल्या फेकल्या, एकीनं काठी घेऊन झुडपं बडवली. त्यानं सोडलं. रुखमाबाई जिवंत होती, पण उजवा खांदा आणि दंड फाटला होता.

नीलिमा चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचली तेव्हा रुखमाबाईला आत नेलं होतं. बाहेर बाकावर तिचा नवरा वारलू बसला होता. शर्टाची बाही रक्तानं कडक झालेली. नीलिमाला पाहून तो उठून उभा राहिला. तो आता काय बोलेल याची तिनं मनाशी तयारी केली.

"मॅडम," तो हळू म्हणाला, "बाया टायमानंच गेल्त्या. साडेसहाच्या नंतर. बोर्डावर हाय त्याच टायमाले. गार्ड विचारून राह्यला होता, अंधारात गेली होती का म्हनून. तुमी जरा सांगा त्याले. तुमाले म्हाईत हाय आमी तुमचं आयकतो म्हनून."

तो आपली बाजू मांडत होता. आपल्या बायकोनं नियम मोडला नाही हे सिद्ध करायला त्याला नीलिमाची साक्ष हवी होती. तिला बसावंसं वाटलं, पण तो उभा होता म्हणून तीही उभी राहिली. "सांगते वारलूभाऊ," ती म्हणाली, आणि तिनं खरंच वनरक्षकाला शोधून काढून सांगितलं. ते सांगताना आपल्या तोंडून प्रत्येक शब्द उलटा होऊन आपल्याकडेच येतोय असं तिला वाटत होतं.

ऑफिसात संस्थेचे प्रमुख अमर सर म्हणाले, "नीलिमा, वाघ घड्याळ लावून चालत नाही. आपण म्हटलं होतं, हालचाल जवळजवळ नसते. अजिबात नसते असं म्हटलं नव्हतं. एखादा दिवस वेगळा निघतो." तिनं तक्ता उघडून पुन्हा पाहिला. साडेचार, चार चाळीस, साडेचार, पाच. सकाळी सातच्या आसपास एकही नोंद नाही. सर म्हणतात तसंच असेल. तिला क्षणभर हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याचीच पुढे कितीतरी दिवस शरम वाटत राहिली.

दोन दिवसांनी ती करंजबोडीला गेली. निघताना कारण ठरवलं नव्हतं. नाल्याकडे कुणी फिरकत नव्हतं. मोहाची फुलं वाटेवर तशीच पडलेली, त्यांचा गोड, जड वास सगळीकडे. ती बोर्डापाशी येऊन थांबली. आपलंच वाक्य वाचलं. मग वरच्या वाघाकडे पाहिलं.

चित्र छापायला देताना अख्खा फोटो हवा होता, कापलेला चालणार नव्हता. तेव्हा दिनेशकडे मोबाइलवर एक जुना फोटो निघाला होता, तोच दिला. छापणाऱ्यानं खालची तारीख-वेळेची पट्टी कापून टाकली. फोटो नीलिमाच्या ओळखीचा होता. वळणावरचा कॅमेरा, मान वळवलेला वाघ. तक्त्यातली त्याची वेळ तिला पाठ होती, कारण अहवालात उदाहरण म्हणून तिनं तोच घेतला होता. पहाटे चार अडतीस.

वाघाच्या अंगावर ऊन होतं.

तिनं जवळ जाऊन पाहिलं. सागाच्या बुंध्याची लांब सावली वाटेवर आडवी पडली होती, आणि वाघाचीही. पान न् पान हिरवं दिसत होतं. मार्चमध्ये पहाटे साडेचारला सावली कुठून येणार. हा बोर्ड महिनाभर इथे उभा होता. ती स्वतः त्याच्या उद्घाटनाला होती. त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले होते.

तिथूनच तिनं संघपालला फोन लावला.

"तू गोंदियाला जायच्या आधी त्या नव्या कॅमेऱ्यांच्या वेळेतून अडीच तास वजा केले होते का?"

"हो ताई. त्याच आठवड्यात केले तक्त्यामध्ये. तुमच्या फाइलमध्येच केले, म्हटलं तुमचं काम वाचेल. सांगायचं राह्यलं वाटते. काऊन, काय झालं?"

त्यानं एकदा अडीच तास काढले, तिनं दुसऱ्यांदा काढले. कॅमेऱ्यानं दाखवलं असणार साडेनऊ. खरी वेळ सात. आणि तिनं गावाला सांगितलं साडेचार. जुन्या रीतीनं बाया अंधारात गेल्या असत्या तर सातला घरी पोचल्या असत्या. तिनं त्यांना अंधाराच्या वेळेवरून उचलून नेमकं वाघाच्या वेळेवर नेऊन ठेवलं होतं.

"तुझी चूक नाई," ती शेवटी म्हणाली. "फाइल माझ्या हाती होती. मी नंतर सांगते तुले सगळं."

पण हे सगळं एका फोटोवरून. बाकीचे कुठे होते? ती ऑफिसात आली. दिनेशच्या मोबाइलवर त्या फोटोच्या पट्टीत नऊ अडतीस होतंच. बाकीचं ती दुपारभर शोधत बसली. कार्डं पुसून दुसऱ्या गावांत वापरली गेली होती. मूळ तक्ता संघपालच्या बदलाखाली गाडला गेला, त्याचा तिच्या बदलाखाली. कापलेल्या वाघांचे पट्टे होते, पण पट्ट्यांवर उजेड आहे की कॅमेऱ्याचा फ्लॅश, हे कुठेच नक्की सांगता येत नव्हतं. बाकी वेळाही तशाच चुकल्या होत्या का, हे दाखवायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. आपण किती चुकलो हे मोजायचं साधनसुद्धा आपण स्वतः पुसून टाकलं आहे, हे कळल्यावर ती खुर्चीत मागे टेकून नुसती बसून राहिली. दिनेशनं चहा आणून ठेवला. तो तसाच थंड झाला.

मग तिनं दामिनीला फोन लावला. दामिनीनं पहिल्याच रिंगला उचलला.

"मी नीलिमा गुरनुले. तुम्ही मूळ फोटो मागितले होते. ते नाहीत. मी पुसले. आणि माझ्या वेळा चुकल्या आहेत, तुमच्या बरोबर असाव्यात."

करंजबोडीची बातमी दामिनीनं वाचली असणारच.

"तुम्ही जानेवारीतच..." दामिनी म्हणाली आणि थांबली. वाक्य तिनं पुरं केलं नाही. नंतर ती कॅमेऱ्यांविषयी, पुढे काय करता येईल याविषयी नीट बोलली, मदतही देऊ केली. पण नीलिमाला त्या संभाषणातले तेवढेच दोन शब्द आठवतात.

अमर सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोकं हातात धरलं, आणि मग घाबरलेला माणूस बोलतो तसं बोलले. "बोर्ड काढून टाकू. वेळ दुरुस्त करून नवा लावू. पण गावात जाऊन सगळं सांगायची गरज आहे का? दहा गावं आपल्यावर विश्वास ठेवून आहेत. आणि वजाबाकी तर संघपालनं..."

"संघपालनं बरोबर केली होती सर. चुकीची माझी होती. आणि वारलूभाऊ अजूनही लोकांले सांगत फिरत आहे की बाया मॅडमच्या टायमानं गेल्या. ते त्याच्या तोंडून किती दिवस आयकायचं मी?"

दुसऱ्या दिवशी सर गाडीत तिच्या शेजारी येऊन बसले.

ग्रामसभेत नीलिमा उभी राहिली. तिनं पडदा आणला नव्हता. कॅमेऱ्यात घड्याळ कसं पुढे होतं, दोघांनी ते कसं दोनदा मागे केलं, फोटो कसे पुसले, हे तिनं बायांना समजेल असं सांगितलं. समजायला कठीण काही नव्हतंच. सांगून झाल्यावर रुखमाबाईची सून डिंपल उभी राहिली. बारावी झालेली, कडेवर मूल.

"म्हंजे आमी अंधारात जात होतो तेच बरं होतं?"

"हो."

"तुमाले हे कवा समजलं?"

"चार दिवस झाले."

"अन् समजून घेता आलं असतं कवा?"

हा प्रश्न कुणी विचारेल असं नीलिमाला वाटलं नव्हतं. तिला सहज म्हणता आलं असतं की नाही, त्याआधी कळायला मार्ग नव्हता. अमर सरांनी तिच्याकडे पाहिलं.

"जानेवारीत," ती म्हणाली. "एक बाई विचारत होती. मी तिचा फोन नाई उचलला."

डिंपल खाली बसली. सभा संपल्यावर तरुण पोरं सब्बल घेऊन गेली आणि त्यांनी बोर्ड उखडून काढला. नीलिमाला कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं तिला परतीच्या वाटेवर वाटलं. मग हे वाटणंही आपल्याच सोयीचं आहे हे तिच्या लक्षात आलं.

संस्थेनं अहवाल मागे घेतला आणि का घेतला ते लिहून जाहीर केलं. नीलिमानं राजीनामा दिला, तो सरांनी ठेवून घेतला पण मंजूर केला नाही. "आता कुणी निस्तरायचं?" एवढंच म्हणाले.

रुखमाबाई पावसाळ्याच्या तोंडाशी घरी आली. हात वाचला, पण कोपरापासून खाली त्यात जीव नव्हता. नीलिमा गेली तेव्हा ती ओसरीवर बसून डाव्या हातानं लसूण सोलायचा प्रयत्न करत होती. नखं बसत नव्हती, पाकळी निसटत होती. नीलिमानं हात पुढे केला तर तिनं ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

"मले शिकू दे."

नीलिमानं जे बोलायचं ठरवलं होतं ते बोलायला सुरुवात केली, पण ते मध्येच तुटलं. रुखमाबाईनं लसूण खाली ठेवला.

"तुले वाईट वाटते ते मले दिसते पोरी. पन त्यानं हात नाई हालत. माफ केलं म्हनू का मी? मनातून येत नाई तं कसं म्हनू? शिव्या देवाच्या म्हटलं तं थेही येत नाई. तू मुद्दाम नाई केलं." ती थांबली. "आता काय करून राह्यली तू?"

"पुन्हा कॅमेरे लावतो. पुढच्या मोहात. पहिल्यापासून."

"आता तरी पक्कं राहीन कशावरून?"

याचं उत्तर नीलिमानं पुढच्या कित्येक महिन्यांत तयार केलं, दामिनीला विचारत विचारत. मूळ फोटो जसेच्या तसे दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायचे, एक प्रत चंद्रपुरात, एक वडशाला, आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही. काही दुरुस्त करायचं तर नव्या फाइलीत, आणि कुणी, कधी, का बदललं ते सोबत लिहायचं. फाइलींची नावं अशी की उद्या ती स्वतः मेली तरी तिसऱ्या माणसाला कळावं आत काय आहे. ऐकायला हे सगळं कारकुनी वाटतं. नव्या आलेल्या पोरांनाही तसंच वाटायचं. एकानं कंटाळून म्हटलं, "मॅडम, एवढं कोण पाहते?" तर ती इतक्या थंडपणे "बाया पाहतात" म्हणाली की तो निमूट फाइलीचं नाव लिहायला लागला.

आणि कॅमेरा बांधला की पहिला फोटो घड्याळाचा. कुणीतरी मोबाइलवरची वेळ त्याच्यासमोर धरायची, म्हणजे कॅमेऱ्याची वेळ आणि खरी वेळ एकाच फोटोत येतात. करंजबोडीत हे करायच्या दिवशी डिंपल न बोलावता आली. ती नीलिमाशी बोलत नसे, सभेनंतर कधीच बोलली नव्हती. तिनं आपला मोबाइल काढून प्रत्येक कॅमेऱ्यासमोर धरला आणि प्रत्येक वेळी डबी उघडायला लावून आत काय दिसतं ते स्वतः वाचलं. एका ठिकाणी म्हणाली, "हे दोन मिनिटं मागं हाय." नीलिमानं ते लिहून घेतलं. त्या दिवशी दोघींमध्ये तेवढंच बोलणं झालं.

नवे आकडे आले ते पहिल्यासारखे देखणे नव्हते. वाघ अंधारात फिरत होता, उजाडताना फिरत होता, ऊन वर आल्यावर नऊलाही एकदा दिसला. सातच्या आसपास जास्त, हे खरं, पण निर्धास्त जावं अशी एकही वेळ निघाली नाही. दामिनीनं तेच फोटो घेऊन आपल्या पद्धतीनं सगळं पहिल्यापासून केलं आणि तिचंही उत्तर हेच आलं. तिनं फोन करून सांगितलं तेव्हा नीलिमानं डोळे मिटून घेतले. दोन वेगळ्या माणसांनी एकमेकींना न विचारता एकाच ठिकाणी पोचावं, यात एवढा दिलासा असतो हे तिला ठाऊक नव्हतं. तो दिलासा संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. एवढंच तर करायचं होतं जानेवारीत.

गावात तिनं जे आहे ते सांगितलं. सुरक्षित वेळ नाही. घोळक्यानं जा, बाकीच्या वाकल्या की एकीनं उभं राहून पाहायचं, नाल्याकाठची झाडं सोडता आली तर सोडा. काही जणांनी तोंड वाकडं केलं, एवढे कॅमेरे लावून हेच सांगायचं होतं का म्हणाले. बाया मात्र तशा जाऊ लागल्या. पुरुष मागून हाकारे देत चालायचे.

नाल्याकाठच्या वळणावर रुखमाबाईच्या घरच्यांची तीन मोहाची झाडं आहेत. तिकडे त्या मोसमात कुणी गेलं नाही. डिंपलनं पाय टाकायला नकार दिला, आणि वारलू एकदा जाऊन अर्ध्या वाटेवरून परतला. तिथला कॅमेरा मात्र चालू होता. एप्रिलमध्ये नीलिमानं त्याचं कार्ड उघडलं तर फोटोमागून फोटो चितळांचे होते, फुलांवर तोंड खाली घातलेले. एका पहाटे अस्वल आलं होतं, तेही पिलासकट, आणि उजाडेपर्यंत खात होतं. जमीन पिवळसर फुलांनी झाकलेली, कुणी न वेचलेली. नीलिमा एकेक फोटो उघडत गेली आणि प्रत्येकाची वेळ भरत गेली.